राक्षसाची उठवणी

कोहमाऱ्याच्या चौकातून हार्वेस्टरची पहिली रांग गेली की हंगाम लागला, असं मी धरते. पंचांगात काहीही असो. हायवेवरच्या आमच्या हॉटेलसमोर ती उंच, धुळीनं माखलेली यंत्रं एकामागे एक थांबतात, पंजाबचे ड्रायव्हर उतरून नळावर तोंड धुतात आणि विचारतात, "भाभीजी, रोटी मिलेगी?" मी सांगते, "मिलेगी, पर हमारा चावल खाके देखो." ते मान डोलावतात आणि रोटीच मागवतात. काल दुपारी अशी सहा यंत्रं आली. मी कणीक वाढवायला सांगितली, नागझिऱ्याला निघालेल्या एका कुटुंबाला चहा दिला आणि सामानाची यादी करायला बसले. पेन टेकवलं आणि वाऱ्याबरोबर कापलेल्या धानाचा वास आला. ओला, किंचित गोड, किंचित डिझेलचा. पुढचा अर्धा तास मी एक शब्द लिहिला नाही. माझं असं सहसा होत नाही.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत आमच्या गावात सिनेमा झाला. म्हणजे लागला नाही, बनला. माझी मुलगी प्राची तेव्हा नागपूरला शिकत होती. शिक्षण एक आणि नाद दुसरा, असं चाललं होतं. नाद म्हणजे चौघांचा बँड. ही त्यात बास गिटार वाजवायची. एका सकाळी तिचा फोन आला. "आई, आबाजींच्या दंडारीतली राक्षसाची गोष्ट आहे ना, तिचा आम्ही रॉक म्युझिकल करतोय. फिल्म. दिवाळीच्या सुट्टीत, गावातच शूटिंग."

मी विचारलं, "माणसं किती? त्यात शाकाहारी किती?"

"आई, तुला गोष्टीचं काहीच विचारायचं नाही का?"

"गोष्ट मला माहीत आहे. माणसं माहीत नाहीत."

गोष्ट आमच्या गावात सगळ्यांनाच माहीत आहे. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी पाहुणे येतात, सासरी गेलेल्या लेकी येतात, जिलेबीच्या कढया चढतात आणि भर दुपारी चौकात दंडार उभी राहते. ढोलकी, टाळ, गाणं, नाच आणि सोंगं. नाचणारे पुरुषच, लुगडं नेसून राणी होणारेही पुरुषच. आमच्या गावची दंडार गेल्या कित्येक पिढ्या एकच गोष्ट करते. सात तळ्यांपलीकडे एक राक्षस राहतो, त्यानं राजकन्या पळवून नेलेली असते, आणि त्याचा जीव एका मोहाच्या झाडाच्या ढोलीतल्या पोपटात असतो. एक गुराखी पोपट शोधून काढतो, त्याची मान पिरगाळतो आणि राक्षस चौकाच्या मधोमध कोसळतो.

पण कोसळला म्हणून खेळ संपत नाही. आमच्याकडे त्यानंतर उठवणी असते. राक्षस पडलेला असतो तिथंच दंडारीतला वयानं मोठा माणूस येतो, त्याच्या कपाळाला पाणी लावतो आणि त्याच्या कानात, इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशी, हाक मारतो. राक्षस म्हणून नाही, कागदावरच्या नावानंही नाही; लहानपणी घरात ज्या नावानं हाक मारत त्या नावानं. तीनदा. मग तो उठतो, लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. उठवणी होईपर्यंत चौकातून कोणी हलत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मी मध्येच उठले होते, चुलीवर भात होता म्हणून. सासूबाईंनी पदर धरून खाली बसवलं. "भात जळू दे. त्याले उठू दे."

या दंडारीत वीस-पंचवीस वर्षं राक्षस झाले ते माझे सासरे, तुळशीराम. मी त्यांना मामाजी म्हणते, प्राची आबाजी. अंगानं किरकोळ, पण काळी घोंगडी पांघरून, कपाळाला गेरू फासून ते हसायला लागले की मांडीवरची पोरं आईच्या पदरात शिरायची. ते हसणं तीन पायऱ्यांचं होतं. पहिली छातीत, दुसरी घशात आणि तिसरी कुठून यायची ते मला अजून कळलेलं नाही. सिनेमाच्या आधीच पंधरा वर्षं झाली होती त्यांनी सोंग सोडून. गुडघे ऐकेनात. तेव्हापासून ते मंडईला गण म्हणायचे, म्हणजे सुरुवातीचं देवाचं गाणं, आणि शेवटी राक्षसाची उठवणी करायचे. मधल्या वेळात खुर्चीवर बसून इतरांच्या चुका मोजायचे.

प्राचीला त्यांचं ते हसणं हवं होतं. तिच्या गोष्टीतला राक्षस राजकन्या पळवत नाही, तो गावाची गाणी गिळतो. सगळं गाव खाली मान घालून आपापल्या मोबाईलमध्ये बसलेलं, कोणाच्याच तोंडून सूर निघत नाही. राक्षस राहतो बंद पडलेल्या राईस मिलमध्ये. राजकन्या, म्हणजे प्राची स्वतः, रॉक गाते, हार्वेस्टर चालवत येते आणि गाणी परत मागते. राक्षसाचा जीव अर्थातच मोबाईलमध्ये. तिनं हे सगळं अंगणात उभं राहून हातवारे करत सांगितलं. मामाजी खाटेवर बसून ऐकत होते.

"बाकी समदं जमलं," ते म्हणाले. "पन पोपट काऊन काढला?"

"आबाजी, आजच्या काळात माणसाचा जीव कशात असतो? मोबाईलमध्येच ना?"

"पोपट मेला तं पाहनाऱ्याच्या पोटात कालवते. मोबाईल मेला तं तो चार्जर शोधते."

प्राचीच्या बँडमधल्या गिटारवाल्या मित्रानं हळूच वहीत काहीतरी खोडलं. दुसऱ्या दिवशी दंडारीच्या पेटीतला लाकडी पोपट बाहेर आला. त्याच्या पोटात खाच पाडून मोबाईल बसवला, म्हणजे पोपट वाजेल आणि उजळेलही. दोघांचंही समाधान झालं. जेवणाच्या वेळी मामाजी मला हळूच म्हणाले, "पोरगी हुशार हाये. मांग हटते, पन अर्धंच पाऊल."

मग दहा दिवस आमचं घर म्हणजे शाळेची सहल झालं. मी रोजचा कागद दारामागे चिकटवायचे. कोण कुठं, कोणत्या वेळी, काय घालून, काय खाऊन. पोरं हसायची, पण सकाळी उठून आधी दाराकडे जायची. त्या दिवसांची सकाळ आठवते ती दंवानं. धानाच्या लोंब्यांवर इतकं दंव असायचं की बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरलं की गुडघ्यापर्यंत कपडे पिळून काढावे लागत. दंव वाळेपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, हार्वेस्टर चालत नाही. म्हणून सकाळची शांतता आमची, नंतरची यंत्रांची. धुक्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून प्राची गायची आणि गिटारला लावलेल्या छोट्या पेटीतून तो करकरीत आवाज बांध्यांवरून तळ्यापर्यंत जायचा. पहिल्या दिवशी आमचा म्हातारा ढोलकीवाला आसाराम डोक्याला रुमाल बांधून बघायला आला. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाला, "गानं होऊन राहिलं का पंपाची मोटर दुरुस्त होऊन राहिली?"

बँडमधली सानिका ड्रम वाजवायची. तिनं सात-आठ डबे आणि झांजा मांडल्या होत्या. आसाराम त्यांच्याभोवती फिरला.

"एवढे डबे कायले वो पोरी?"

"काका, प्रत्येकाचा आवाज वेगळा."

"आमच्या एका ढोलकीत समदे राह्यतेत. उचलून न्यायलेही सोपी."

"मग या ना, वाजवा माझ्यासोबत."

तो आला तो उठलाच नाही. सुरुवातीला दोघांच्या लयी एकमेकींना धडकत होत्या, अरुंद धुऱ्यावर समोरासमोर आलेल्या दोन माणसांसारखी. मग कोणीतरी एकानं वाट दिली असावी. कोणी ते मला कळलं नाही, पण मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते आणि माझा हात त्या तालावर चालायला लागला.

राईस मिलमधलं शूटिंग मला सर्वांत जास्त आठवतं. ती मिल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आत कोंड्याचा ढीग जुना होऊन काळा पडलेला, पत्र्याच्या भोकांतून ऊन दोऱ्यांसारखं खाली येत होतं आणि त्यात कोंड्याची धूळ तरंगत होती. मामाजींनी घोंगडी पांघरली. प्राचीनं हात वर केला. ते हसले. पहिली पायरी, दुसरी, आणि तिसऱ्या पायरीला पत्रे थरथरले, छपराच्या कैच्यांवरची सगळी कबुतरं एकदम उडाली. सानिकानं काड्या खाली ठेवल्या. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे गेले, तर मामाजी घोंगडीतून मला म्हणाले, "सूनबाई, अजून हाये ना?"

"आहे, मामाजी. तसंच आहे."

"मले वाटलं गेलं असंन."

आता ती मिल उरलेली नाही. मागच्या उन्हाळ्यात पाडली, जागा सपाट केली. तिथून जाताना मी आपोआप वर बघते, कबुतरांसाठी. माणसाला काय काय आठवावं याचा काही क्रम नसतो. दहा दिवसांत कोणी किती पोळ्या खाल्ल्या ते मी आजही सांगू शकेन, पण त्याचा उपयोग नाही. लक्षात राहिलं आहे ते भलतंच. कापलेल्या बांधीत हार्वेस्टरच्या मागे शिस्तीत चालणारे बगळे. नव्या तांदळाच्या भाताला येणारा चिकटपणा. धुऱ्यावर वाळत घातलेलं राजकन्येचं चमकीचं जॅकेट. आणि त्या सगळ्याच्या खाली, माझ्या हातून झालेली एक चूक.

शेवटचा शॉट राक्षस पडण्याचा. त्यासाठी आम्ही तळ्याकडची आमची बांधी कापायची ठेवली होती. आजूबाजूचं सगळं कापून झालेलं आणि मध्ये ती एकच सोनेरी, कमरेएवढी उभी. त्या सोन्यात काळी घोंगडी पडणार होती. हार्वेस्टरचा ड्रायव्हर सकाळीच सांगून गेला होता, "भाभीजी, पाँच बजे मशीन आगे निकलेगी. आज नहीं तो फिर दस दिन बाद." आकाशात पश्चिमेकडून ढग चढत होते. पिकलेला धान दहा दिवस उभा ठेवला आणि एक पाऊस आला तर तो आडवा होतो, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही.

त्या दिवसाचा माझा कागद आजवरचा सर्वांत लांब होता. मामाजींची बीपीची गोळी होती त्यात. त्यांच्या गुडघ्याचा पट्टा, पडताना टोचू नये म्हणून खाली अंथरायचं पोतं, पोपटाच्या पोटातल्या मोबाईलचं चार्जिंग, सगळं होतं. साडेतीनला शॉट लागला. प्राचीनं पोपट हातात धरून शेवटचं कडवं गायलं. "गिळलंस ते दे, मग नीज सुखानं." मग तिनं त्याची मान पिरगाळली आणि मामाजी पडले. असे पडले की मी क्षणभर खरंच पुढे धावले. लोंब्या त्यांच्यावर वाकल्या आणि परत सरळ झाल्या. प्राची "कट" म्हणाली. टाळ्या झाल्या. सानिका रडत होती.

आणि मी ओरडले, "चला, चला! मशीन येतंय! टेम्पोत बसा!"

दोन पोरांनी मामाजींना काखेत हात घालून उभं केलं. प्राचीनं त्यांना मिठी मारली. पाचाच्या आत बांधी कापून झाली, धान ट्रॉलीत पडला, ढग परतले. मी समाधानानं कागदावरच्या ओळीवर ओळ खोडत गेले. फक्त एक गोष्ट मी पाहिली होती आणि तिचा अर्थ लावला नव्हता. टेम्पोकडे येताना मामाजी दोनदा थांबून मागे वळले होते. मला वाटलं, चष्मा राहिला असेल.

दुसऱ्या दिवशी ते चहाला बाहेर आले नाहीत. मी कप आत नेला.

"नको. मेलेला मानूस च्या पिते का?"

मी हसले. दमले असतील म्हटलं. तिसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी बीपी तपासलं, छाती तपासली, सगळं ठीक म्हणाले. ताट पुढे ठेवलं तर ते दोन घास खायचे, पण स्वतःहून काही मागायचे नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. प्राचीचे बाबा म्हणाले, "म्हातारपण आहे, होईल नीट." पण रात्री जेवताना त्यांनीही अर्धी पोळी ठेवून दिली. आमच्याकडे माणूस खाटेवर टेकला आणि उठला नाही, असं आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे.

चौथ्या दिवशी आसाराम ढोलकी घेऊन आला. मंडई पाच दिवसांवर होती, गणाची तालीम करायची होती. मामाजी कूस न बदलता म्हणाले, "मेलेल्याच्या तोंडून गन निंघत नाही, आसाराम."

आसारामनं माझ्याकडे पाहिलं. मग ढोलकीकडे. "वहिनी," तो म्हणाला, "उठवनी कोनं केली त्यायची?"

सत्तावीस वर्षं मी ती उठवणी पाहत आले होते. भात जळू दिला होता तिच्यासाठी. आणि कागदावर पोत्यापासून पट्ट्यापर्यंत सगळं लिहिताना मला ती सुचली नाही. कारण ती कधी कोणाला लिहावी लागली नव्हती. ती व्हायचीच.

मी मामाजींच्या खाटेशी जाऊन बसले. "माझी चूक झाली, मामाजी. उठा, चला बांधीत. मी करते उठवणी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. रागावले नव्हते. "तू माह्यापेक्षा मोठी हायेस का, सूनबाई?"

"मग आसारामभाऊ करतील."

"तो माह्या हाताखालचा पोरगा. त्याले मीच उठवलं चार खेप. आता दंडारीत माह्यावर कोनी नाही. जे होते ते गेले."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग सोंग घेतलं कशाला?"

"पोरीनं मागितलं ना."

प्राची दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. ती अंगणात गेली आणि पेरूच्या झाडाखाली नुसती उभी राहिली. तिच्यासारखीच मीही आतून हललेली होते, पण मला उभं राहून विचार करता येत नाही. मी कागद घेतला आणि मामाजींपेक्षा मोठी अशी, दंडारीतली नसली तरी, गावातली माणसं लिहायला लागले. तीनच निघाली. एक नागपूरला मुलाकडे, त्यांना ऐकू येत नव्हतं. दुसऱ्यांशी तळ्याकडच्या धुऱ्यावरून आमचं भांडण, ते आमच्या बांधीत पाऊल ठेवणार नाहीत. तिसऱ्या लग्न होऊन या गावात आलेल्या आजी. मामाजींचं लहानपणचं नाव त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. ते मलाही माहीत नव्हतं. घरात कोणालाच नव्हतं. मी पेन खाली ठेवलं, आणि तेव्हा लक्षात आलं की मी फक्त गावातली माणसं मोजत होते. गावातून गेलेली मोजलीच नव्हती.

मामाजींची थोरली बहीण सरजाबाई चोरखमारा गावात दिलेली. तिथल्या तळ्याच्या कालव्याला लागून त्यांचं घर. गुडघ्यांमुळे चार-पाच वर्षं त्या माहेरी आल्या नव्हत्या. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉटेलची गाडी काढली. त्या अंगणात बाजेवर बसून सुनेला भाऱ्यांवरून काहीतरी सुनावत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "काऊन आली वो? कोनी मेलं का?"

"तसंच समजा, आत्याबाई."

मी सगळं सांगितलं. मोबाईल, पोपट, गिटार, शेवटचा शॉट. त्या आधी हसल्या. दात नसलेलं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू. "त्या खुळ्याले अजून राक्षस बनाची हौस!" मग हसू थांबलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"कोनत्या बांधीत पडला?"

"तळ्याकडच्या."

"अन् कधीचा पडून हाये?"

"पाच दिवस झाले."

"थांब, लुगडं बदलते."

आम्ही गावात पोचलो तेव्हा दुपार कलत होती. प्राचीनं आबाजींना कसंबसं तयार करून बांधीत आणलं होतं. काय सांगून ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. उठवणी पडलेल्या जागीच करायची, पण जागा तरी कुठं राहिली होती? सोनेरी धान गेला होता. उरले होते बोटभर उंचीचे खुंट, हार्वेस्टरच्या चाकांचे चर आणि सांडलेल्या लोंब्यांचा सरवा वेचणाऱ्या दोन बायका. मामाजी घोंगडी पांघरून त्या खुंटांवर आडवे झाले. डोळे मिटले. दंडारीची सगळी माणसं धुऱ्यावर जमली होती.

सरजाबाई काठी टेकत गाडीतून उतरल्या तसा आसाराम पुढे आला. तो त्यांच्या पाया पडला आणि मग चाचरत म्हणाला, "आत्याबाई, पन दंडारीत आजवर बाईमानसानं…"

"दंडार कोन करून राहिलं? मी माह्या भावाले उठवून राहिली. तुमची दंडार तुमच्यापाशी ठेवा."

"रीत हाये ना, आत्याबाई. उठवनारा दंडारीतला लागते."

सरजाबाई थांबल्या. काठी धुऱ्यात रोवली. "हा दीड वर्साचा झाला तरी उभा राहे ना. माय रोवनीले बांधीत उतरे अन् मी सात वर्साची याले घेऊन बसो. याच धुऱ्यावर मी याले चालाले शिकवलं. तवा तुही रीत कोठी होती, अन् तुही ढोलकी कोठी होती?"

सरवा वेचणाऱ्या बायकांपैकी एक फसकन हसली. आसारामनं मान खाली घातली आणि वाट सोडली.

प्राचीनं कॅमेरा आणलाच नव्हता. ती म्हणाली, हे माझ्या फिल्ममधलं नाही. पण सानिकाचं आवाज टिपायचं यंत्र बगळ्यांचे आणि वाऱ्याचे आवाज घ्यायला धुऱ्यावर ठेवलेलं होतं आणि ते चालूच राहिलं. आज सिनेमा बघणारे मला विचारतात, की शेवटी राक्षस पडल्यावर पडदा काळा होतो आणि नुसता एका म्हातारीचा आवाज येतो, ती कोण? वाद्य नाही, ताल नाही, काहीच का नाही? प्राचीनं आबाजींना आणि आत्याबाईंना दोघांनाही विचारून तो आवाज तिथं ठेवला. बाकी बावीस मिनिटं तिची आहेत. ते शेवटचं अर्धं मिनिट तिचं नाही.

सरजाबाई खुंटांमधून सावकाश चालत गेल्या. मी तांब्या घेऊन मागे होते. त्यांनी चार बोटं पाण्यात बुडवली आणि मामाजींच्या कपाळाला लावली.

"गेंदू," त्यांनी कानात नाही, मोठ्यानं हाक मारली.

सत्तावीस वर्षांत ते नाव मी ऐकलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा राक्षस, आणि नाव झेंडूच्या फुलाचं. धुऱ्यावर कोणी हसलं नाही. मामाजी हलले नाहीत.

"गेंदू."

घोंगडीखाली छाती वरखाली होत होती. प्राचीनं माझा हात धरला. तिची बोटं गिटारच्या तारांनी घट्टे पडलेली, खरखरीत.

तिसऱ्या वेळी सरजाबाईंचा आवाज बदलला. तो उठवणीचा आवाज नव्हता. तो सात वर्षांच्या, कंटाळलेल्या, भुकेल्या पोरीचा होता. "गेंदू, ऊठ बे! उन्हं गेली. मायेनं पाह्यलं तं मले मारन."

मामाजींनी डोळे उघडले. "उठतो ना, बाई. थांब ना."

पण उठणं सोपं नव्हतं. गुडघे पाच दिवस अंथरुणात राहून आखडले होते. दोन पोरं धावली, आसारामनं त्यांना हातानं अडवलं. सरजाबाईंनी काठी माझ्याकडे दिली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांच्यापुढे धरलं. एवढंच. मामाजींनी ते मुठीत धरलं. त्या सुरकुतलेल्या बोटात किती जोर असणार? पण ते त्याच्या आधारानं कुशीवर वळले, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि उभे राहिले. घोंगडी मागे गळून पडली. ती कोणी उचलली नाही.

टाळ्या झाल्या नाहीत. दोघं खुंटांमधून धुऱ्याकडे यायला लागली. ती पुढे, तो मागे, बोट तसंच मुठीत.

"पाय उचलून टाक," त्या मागे न बघता म्हणाल्या. "खुंट लागते."

"हो, बाई."